एका जुन्या औषधाची नवी कसोटी

पुणेकरांच्या बोलण्यांत ‘येरवड्यास पाठविणें’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. एखाद्यानें कायदा मोडला असेल तर त्याचा अर्थ तुरुंग, आणि एखाद्याचें डोकें ठिकाणावर नसेल तर त्याचा अर्थ वेड्यांचें इस्पितळ. पैकीं तुरुंगाची कीर्ति मोठी. टिळक व गांधीजी यांनीं त्याच्या भिंती आंतून पाहिल्या, १९३२ सालचा पुणें करार त्याच्याच आवारांत घडला, आणि हें सर्व शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. इस्पितळाकडे मात्र इतिहासलेखकांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. आम्ही येरवड्यास राहावयास आल्यापासून जवळजवळ रोज त्याच्या कुंपणावरून जातों. पण तेथील जुन्या नोंदवह्यांच्या एका रकान्यानें औषधिविद्येच्या इतिहासांत केवढा घोळ घालून ठेविला आहे, हें आम्हांस अगदीं अलीकडे कळलें.

या लेखाचा विषय मात्र वेड नव्हे. विषय आहे स्नायूंचा ताठरपणा आणि त्यावरील एका औषधाची परीक्षा. त्याकडे आमचें लक्ष वळण्याचें कारण घरगुती आहे. आमची एक जुनी विद्यार्थिनी, इतिहासाचीच पदवीधर, गेलीं कित्येक वर्षें मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारानें आजारी आहे. आम्ही भेटावयास गेलों असतां ती म्हणाली, “सर, डॉक्टर माझा पाय हातांत घेतात, वाकवून पाहतात आणि किती ताठ आहे त्याचा आंकडा लिहितात. पण माझा पाय आखडतो तो पहाटे तीन वाजतां. त्या वेळीं आंकडा लिहायला कोण असतें?” प्रश्न साधा होता. त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्ही कलकत्त्यास, अहमदनगरच्या शेतांत व लंडनच्या औषधकोशांत जाऊन आलों.

प्रथम विकाराविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. आपल्या मज्जातंतूंवर एक स्निग्ध वेष्टन असतें; विजेच्या तारेवरील आवरणाप्रमाणें त्याचा उपयोग होतो. या विकारांत शरीराची संरक्षक शक्तिच त्या वेष्टनावर उलटते व मेंदूंत आणि पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत ठिकठिकाणीं चट्टे पडतात. पॅरिसच्या साल्पेट्रिएर इस्पितळांतील शार्को यानें १८६८ सालीं त्याचें व्यवस्थित वर्णन केलें. हा थंड देशांतील गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्याकडे तो जवळजवळ नाहींच, असें बरीच वर्षें समजलें जात असे. मुंबईच्या जे. जे. इस्पितळांतील नोशिर वाडिया व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या कामामुळें हा समज ढिला झाला. विशेषतः पारशी समाजांत हा विकार इतर हिंदी लोकांच्या मानानें पुष्कळ अधिक आढळतो, असें विसाव्या शतकाच्या अखेरीच्या पाहण्यांतून दिसून आलें.

या रोग्यांपैकीं अनेकांना जो त्रास सर्वांत अधिक जाचतो तो म्हणजे पायांचें आखडणें. स्नायु तर निरोगी असतो. बिघाड वरच्या अंमलदाराकडे असतो. मज्जारज्जु हा स्वभावतः उतावळा आहे. स्नायु ताणला गेला कीं तो लगेच त्यास आखडण्याचा हुकूम सोडतो. निरोगी माणसांत मेंदूकडून येणारे तंतू त्या उतावळेपणास लगाम घालतात. चट्टे पडल्यामुळें लगाम तुटतो. म्हणूनच असा पाय हळूहळू वाकविला तर वाकतो, पण झटका देऊन वाकवूं गेलें कीं अडसर घातल्याप्रमाणें अडतो. आणि कधीं कधीं कोणीं हात न लावतांहि तो आपोआप ताठ होतो, पोटाशीं ओढला जातो, झोंप मोडतो.

असा ताठरपणा सैल करण्याचा शास्त्रीय पद्धतीचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच देशांत झाला. १८३३ सालीं विल्यम ओशॉनेसी नांवाचा चोवीस वर्षांचा आयरिश डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरींत कलकत्त्यास आला व तेथील नव्या मेडिकल कॉलेजांत रसायनाचा अध्यापक झाला. बाजारांत सर्वत्र मिळणारा गांजा, भांग व चरस हे पदार्थ पाहून त्याचें कुतूहल जागें झालें. बहुतेक गोऱ्या डॉक्टरांनीं अशा ठिकाणीं नाक मुरडलें असतें. यानें पंडितांना व हकिमांना विचारलें. ज्या मधुसूदन गुप्त यांनीं १८३६ सालीं प्रेतविच्छेदन करून हिंदु समाजांत खळबळ उडविली, तेच वैद्य त्याच्या सल्लागारांत होते. आपल्या वैद्यकांत भांगेचा उल्लेख चरकाच्या काळापासून आहे असें पुष्कळदां ठोकून दिलें जातें. पण शार्ङ्गधरसंहितेसारख्या मध्ययुगीन ग्रंथांतच तिचें स्थान निश्चित झालेलें दिसतें. तेथें ती अंगांत चटकन् भिनणाऱ्या द्रव्यांचें उदाहरण म्हणून येते.

ग्रंथ पाहिल्यावर ओशॉनेसीनें प्रयोगास आरंभ केला, आणि तोहि माणसांवर नव्हे. एका मध्यम आकाराच्या कुत्र्यास त्यानें दहा ग्रेन नेपाळी चरस दिला. कुत्रें अर्ध्या तासांत सुस्त झालें, डुलक्या घेऊं लागलें, मधूनच दचकून उठून शेंपूट हालवूं लागलें; अन्न दिलें तें अधाशासारखें खाल्लें, चालतांना झोकांड्या गेल्या, आणि कांहीं तासांत पूर्ववत् झालें. अशा रीतीनें त्यानें अनेक प्राणी पाहिले. मांसाहारी प्राण्यांवर अंमल दिसे, गवत खाणाऱ्यांवर फारसा दिसत नसे. प्राण कोणाचाच जात नाहीं अशी खात्री झाल्यावर तो रोग्यांकडे वळला.

पहिले रोगी संधिवाताचे होते. त्यांच्यापैकीं एकास दुपारीं दोन वाजतां एक ग्रेन राळ दिली. चार वाजतां तो बडबड करूं लागला, गाऊं लागला, जास्त जेवण मागूं लागला, सहाला झोंपला, आठ वाजतां पाहतात तों बेशुद्ध! त्याचा हात वर उचलून ठेविला तर तसाच अधांतरीं राही, दुमडला तर दुमडलेलाच राही. इस्पितळांत एकच धांवपळ उडाली. मध्यरात्रीनंतर तो शुद्धीवर येऊं लागला, आणि नंतर त्यास कांहीं अपाय झाला नाहीं. दुसऱ्या कोणी हा प्रयोग तेथेंच सोडला असता. ओशॉनेसीच्या मनांत मात्र उलट विचार आला: जें द्रव्य हातपाय मेणासारखे मऊ करतें, तें धनुर्वातांत उपयोगीं कां पडूं नये?

धनुर्वात हा शब्दच चित्र डोळ्यांसमोर उभें करतो. जबडा मिटलेला, पाठ धनुष्यासारखी उलट वांकलेली, आणि जरा आवाज झाला कीं सर्वांगास आचके. त्या काळीं धनुर्वात झालेला मनुष्य बहुधा मरावयाचाच. ओशॉनेसीनें अशा रोग्यांना गांजाचा अर्क थोड्या थोड्या वेळानें दिला आणि अनेकांचे आचके थांबून ते वांचल्याचें नमूद केलें. पिसाळलेलें कुत्रें चावलेला एक रोगी त्याच्याकडे आला. तो वांचणार नाहीं हें ठाऊक असूनहि त्यानें औषध दिलें, आणि त्यामुळें त्या माणसाचे अखेरचे दिवस कांहींसे सुसह्य झाले, हेंहि लिहून ठेविलें. १८३९ सालीं हें सर्व प्रसिद्ध झालें. त्याच्या निबंधांत यशाबरोबर फजितीचीहि हकीकत आहे, आणि आमच्या मतें त्याची खरी योग्यता तेथेंच दिसते. तथापि एक उणीव राहिली. औषध न दिलेले तितकेच धनुर्वाताचे रोगी त्यानें शेजारीं ठेवून पाहिले नव्हते. वांचलेल्यांपैकीं किती औषधानें वांचले आणि किती आपल्या नशिबानें, हें त्यामुळें सांगतां येत नाहीं.

हा मनुष्य पुढें औषधें सोडून तारायंत्राकडे वळला. कलकत्ता, आग्रा व मुंबई यांस जोडणारी तार १८५४ सालीं त्याच्याच देखरेखीखालीं पुरी झाली व तिच्यापायीं त्यास सर हा किताब मिळाला. मज्जातंतु सोडून तो लोखंडी तंतूंच्या मागें लागला, असा विनोद करण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळें गांजाचें काम पोरकें झालें हें खरें.

पोरकें झालें म्हणजे नाहींसें झालें असें नव्हे. विलायतेंत गांजाचा अर्क औषधकोशांत शिरला. व्हिक्टोरिया राणीच्या वैद्यांपैकीं एक जे. रसेल रेनॉल्ड्स यानें १८९० सालीं तीस वर्षांच्या अनुभवावरून त्याची शिफारस केली. पण त्याबरोबरच इशाराहि दिला कीं, एका बाटलींतला अर्क दुसऱ्या बाटलींतल्यासारखा निघेल याची हमी नाहीं, म्हणून मात्रा अगदीं थोडी असावी. याच सुमारास हिंदुस्थानांत दुसराच आरोप पुढें आला. गांजा ओढून लोक वेडे होतात, वेड्यांचीं इस्पितळें गांजेकसांनीं भरलीं आहेत, असा ओरडा पार्लमेंटापर्यंत पोंचला. तेव्हां १८९३ सालीं सरकारनें मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमलें. त्याच्या सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते. कमिशननें सुमारें बाराशें साक्षी घेतल्या. आपल्या मुंबई इलाख्यांत गांजाची लागवड मुख्यत्वें अहमदनगरकडे होई. त्या शेतांची, व्यापाराची व चिलमींची इतकी बारीक हकीकत या कमिशनच्या खंडांत आहे कीं, महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनीं ते अजून पुरते उलगडले नाहींत याचें आश्चर्य वाटतें.

आतां त्या रकान्याविषयीं. मुंबई इलाख्यांत पुणें, कुलाबा, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद व सिंधमधील हैदराबाद येथें वेड्यांचीं इस्पितळें होतीं. पुण्याचें इस्पितळ पुढें विसाव्या शतकांत येरवड्यास आलें. वेडा मनुष्य बहुधा पोलिसांकडून येई. त्याच्याबरोबर एक छापील फॉर्म येई, आणि त्यांत ‘वेडाचें कारण’ असा एक रकाना असे. रस्त्यांत सांपडलेल्या, नांवगांव न सांगणाऱ्या माणसाच्या वेडाचें कारण शिपायास काय ठाऊक असणार? पण रकाना रिकामा ठेवणें हा सरकारी कामांत गुन्हा. मग जवळ चिलीम सांपडली, किंवा मनुष्य बैराग्यासारखा दिसला, कीं ‘गांजा’ असें लिहिलें जाई. इस्पितळाचा डॉक्टर तें आपल्या नोंदवहींत उतरून घेई, वर्षअखेर त्याची बेरीज होई, आणि बेरीज विलायतेस जाऊन शास्त्रीय सत्य बने. कमिशननें १८९२ सालच्या सर्व हिंदुस्थानांतील अशा एकेका रोग्याची त्याच्या गांवीं चौकशी करविली. ज्यांच्या नांवापुढें गांजा वगैरे कारण लिहिलें होतें अशांची संख्या २२२ होती. चौकशीअंतीं ९८ उरली, आणि त्यांतहि केवळ या पदार्थांवरच ठपका ठेवतां येईल असे ६१ च होते. माफक सेवनानें विशेष हानि होत नाहीं, अतिसेवनानें होते, बंदी घालूं नये, कर व नियंत्रण असावें, असा कमिशनचा १८९४ चा निर्णय झाला. सरकारास कर हवाच होता, त्यामुळें हा निर्णय सोयीचा होता, असें कोणी म्हणेल तर आम्ही त्याचें तोंड धरूं शकत नाहीं. तरीसुद्धां घरोघर जाऊन रकाना तपासण्याचें तें काम प्रामाणिक होतें.

गांजाला विलायती औषधकोशांतून शेवटीं जावें लागलें त्यास वेडाच्या आरोपाइतकेंच दुसरें कारण होतें. अफूपासून मॉर्फिन निघालें, सिंकोनापासून क्विनीन निघालें. त्यांचें वजन करतां येई, मात्रा ठरवितां येई. गांजांतील सत्त्व कोणास हाती लागेना. १९३२ च्या ब्रिटिश औषधकोशांत त्यास जागा उरली नाहीं.

मध्यंतरीं औषधाची कसोटी म्हणजे काय याविषयींची कल्पनाहि बदलत होती. त्याचा एक ठळक प्रसंग मुंबईचा आहे. प्लेगची लस तयार केल्यावर हाफकिननें ती १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस टोंचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला असतां सुमारें निम्म्या कैद्यांस ती टोंचण्यांत आली. छप्पर तेंच, अन्न तेंच, हवा तीच. भेद फक्त लसीचा. टोंचलेल्यांत रोग थोडा दिसला, न टोंचलेल्यांत अधिक, आणि मृत्यु झाले ते दुसऱ्या गटांत. कैदी आपखुशीनें पुढें आले असें सांगतात. तुरुंगांतील खुषी किती खरी मानावी, हा प्रश्न येरवड्यास राहणाऱ्या माणसाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. परंतु ओशॉनेसीनें जें केलें नव्हतें तें येथें झालें: तुलना.

प्लेगमध्यें मोजणी सोपी असते. मनुष्य एक तर मरतो किंवा जगतो. आखडलेल्या पायाची मोजणी कशी करावी? १९६४ सालीं ब्रायन ॲशवर्थ नांवाच्या ब्रिटिश डॉक्टरानें कॅरिसोप्रोडॉल नांवाचें त्या वेळचें नवें औषध मल्टिपल स्क्लेरोसिसच्या कांहीं रोग्यांवर तपासून पाहिलें. त्यास मोजपट्टीची गरज पडली, म्हणून त्यानें स्वतःच एक साधी श्रेणी केली. पाय वाकवितांना विरोध न जाणवल्यास शून्य, पाय मुळींच वाकत नसल्यास चार, मधल्या पायऱ्या अंदाजानें. पुढें काय झालें पाहा. कॅरिसोप्रोडॉलचा या विकारांत टिकाव लागला नाहीं. इतकेंच नव्हे, तर तें व्यसन लावतें म्हणून २००७ सालीं युरोपच्या औषधसंस्थेनें त्याची विक्री थांबविण्याची शिफारस केली. त्याच्या परीक्षेसाठीं सहज केलेली श्रेणी मात्र जगभर पसरली आणि पुढच्या प्रत्येक नव्या औषधाची न्यायाधीश होऊन बसली. बाझलच्या सिबा कंपनींत १९६२ सालीं तयार झालेलें बॅक्लोफेन अपस्मारासाठीं योजिलें होतें. तेथें तें फसलें व ताठरपणांत यशस्वी झालें. आमच्या विद्यार्थिनीच्या उशाशीं आज तेंच असतें. त्यानें पाय सैल होतो, आणि मात्रा वाढविली तर इतका सैल होतो कीं उभें राहण्यापुरताहि आधार उरत नाहीं.

गांजाचें सत्त्व शेवटीं १९६४ सालींच इस्राएलांत गाओनी व मेकुलाम यांनीं वेगळें करून दाखविलें. १९९० च्या सुमारास असें आढळलें कीं, तें सत्त्व बसावें अशीं खोबणीं आपल्या मेंदूंतच आहेत. मग शरीर स्वतःहि तशाच प्रकारचें कांहीं द्रव्य बनवीत असलें पाहिजे असा तर्क झाला, आणि १९९२ मध्यें तें सांपडलें. शोधकांनीं त्यास आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून आनंदमाईड असें नांव दिलें. दरम्यान विलायतेंतील कित्येक रोगी कायदा मोडून गांजा ओढीत होते आणि पाय सैल होतात असें डॉक्टरांस सांगत होते. त्यांच्या म्हणण्याकडे कोणी फारसें लक्ष देत नव्हतें. २००० सालीं डेव्हिड बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असाच विकार उत्पन्न केलेल्या उंदरांचे आखडलेले पाय या द्रव्यांनीं सैल झाल्याचें दाखविलें, तेव्हां विषय एकदम प्रतिष्ठित झाला. रोग्यांच्या शब्दांपेक्षां उंदरांच्या पायांचें वजन अधिक पडावें, हें शास्त्राच्या दृष्टीनें ठीक असेल. आम्हांस तें थोडें बोंचतें.

मोठी परीक्षा झाली ती २००३ मध्यें. जॉन झायिचेक यांच्या नेतृत्वाखालीं ब्रिटनमधील ३३ ठिकाणच्या ६३० रोग्यांची पंधरा आठवडे पाहणी झाली. कोणास गांजाचा अर्क, कोणास शुद्ध सत्त्व, कोणास नुसती पोकळ गोळी. कोणास काय मिळालें हें रोग्यास व डॉक्टरास दोघांसहि गुप्त. शेवटीं ॲशवर्थच्या श्रेणीनें पाय मोजले तेव्हां औषधाचा म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. परंतु रोग्यांना विचारलें तेव्हां अर्क घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६१, सत्त्व घेणाऱ्यांपैकीं ६० आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीं ४६ लोकांनीं ताठरपणा कमी झाल्याचें सांगितलें. आतां खरें कोण? डॉक्टरचा हात कीं रोग्याची जीभ? संशयी मनुष्य म्हणेल, गांजा घेतल्यावर डोकें हलकें होतें, त्यामुळें रोग्यास गोळी ओळखूं येते, आणि ओळखल्यावर बरें वाटतें. हा आक्षेप उडवून देण्यासारखा नाहीं; पुष्कळांनीं आपली गोळी खरोखरच ओळखली होती. पण पोकळ गोळीनेंहि शेंकडा ४६ जणांना बरें वाटावें, यावरून बरें वाटणें ही किती निसरडी वस्तु आहे हेंहि कळतें. उलट पक्षीं, दुपारीं दवाखान्यांत एकदां वाकविलेला पाय पहाटे तीन वाजतांच्या पायाविषयीं काय सांगणार?

पुढच्या परीक्षकांनीं मोजपट्टीच बदलली. रोग्यानें रोज रात्रीं स्वतः शून्यापासून दहापर्यंत आंकडा लिहावयाचा. औषधहि बदललें: गांजाच्या दोन सत्त्वांचें ठराविक मात्रेचें मिश्रण, तोंडांत फवारावयाचें, दर फवाऱ्यांत पहिलें २.७ व दुसरें २.५ मिलिग्रॅम. रेनॉल्ड्सच्या बाटल्यांचा जुना प्रश्न अशा रीतीनें सुटला. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत प्रथम ५७२ रोग्यांना चार आठवडे हें औषध दिलें. ज्यांचा आंकडा निदान पंचमांशानें उतरला असे २७२ निघाले. त्यांपैकीं २४१ जणांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट करून एकास औषध चालू ठेविलें, दुसऱ्यास पोकळ फवारा दिला. आणि बारा आठवड्यांनीं औषधाच्या गटाची स्थिति स्पष्टपणें बरी राहिली. ज्यांना गुण येतो त्यांनाच निवडून मग परीक्षा घेणें हा पक्षपात नव्हे काय, असें आम्हांसहि प्रथम वाटलें. परंतु प्रश्न कोणता विचारला आहे यावर तें अवलंबून आहे. औषध सर्वांस लागू पडतें काय, या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें पहिल्या चार आठवड्यांनींच दिलें, निम्म्याहून अधिक लोक तेथें गळाले. ज्यांस लागू पडतें असें वाटतें त्यांस तें खरोखर पडतें काय, हा दुसरा प्रश्न. आणि दवाखान्यांत एका रोग्यासमोर बसलेल्या डॉक्टरास पडणारा प्रश्न हाच असतो. ब्रिटनमध्यें २०१० सालीं या फवाऱ्यास परवानगी मिळाली. तेथील सरकारी सल्लागार संस्थेनें २०१४ मध्यें खर्चाकडे बोट दाखवून तो नाकारला, आणि २०१९ मध्यें इतर औषधांनीं गुण न आल्यास चार आठवडे देऊन पाहावा, आंकडा पंचमांशानें उतरला तरच पुढें चालू ठेवावा, असें सांगितलें.

आपल्याकडील कायद्याची गंमत वेगळीच आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें गांजा व चरस गुन्हा ठरले. नुसतीं पानें मात्र व्याख्येंतून वगळलीं, म्हणून महाशिवरात्रीची भांग सुटली. २ डिसेंबर २०२० रोजीं राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थ आयोगांत गांजास अत्यंत घातक व वैद्यकीय दृष्ट्या निरुपयोगी मानलेल्या यादींतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनीं संमत झाला, आणि हिंदुस्थानचें मत ठरावाच्या बाजूनें पडलें.

हें सर्व आम्हीं विद्यार्थिनीस वाचून दाखविलें. कमिशनच्या रकान्याची गोष्ट तिला फार आवडली. फवाऱ्याविषयीं तिनें आपल्या डॉक्टरांस विचारावयाचें ठरविलें आहे. आमचें मत तिनें विचारलें नाहीं व आम्हींहि तें दिलें नाहीं. परंतु त्या परीक्षेंतील रोग्यांप्रमाणें रात्रीं आंकडा लिहिण्याची युक्ति तिनें लागलीच उचलली. चाळीस पानांची एक वही आणून तिनें तारीख, आंकडा आणि वेळ असे तीन रकाने आंखले. कारणाचा रकाना आंखलेला नाहीं. गेल्या महिन्यांत ती वही घेऊन ती दवाखान्यांत गेली, तेव्हां डॉक्टरांनीं पाय वाकवून पाहण्यापूर्वीं वही वाचली, आणि बॅक्लोफेनची रात्रीची गोळी दोन तास उशिरां घेण्यास सांगितलें.